तीनशे दोन गेली, एकशे तीन आली. पण भुताळीचं काय?

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता इतिहासजमा झाली आणि भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही कायद्याच्या माहितीची बैठक घेतली. पाऊस होता, लावणीची कामं आटपत आली होती, शाळेच्या पडवीत वीस-पंचवीस माणसं बसली होती. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "ताई, तीनशे दोन बंद झाली म्हणतात. मग आता कोणाला मारलं तर काय लागणार?" सगळे हसले. मी सांगितलं की तीनशे दोनचा नंबर आता एकशे तीन झाला आहे, शिक्षा तीच आहे.

बैठक संपल्यावर मागे बसलेली एक बाई थांबली. तिच्या मावशीला पूर्वी गावाने भुताळी ठरवलं होतं. मावशी रातोरात गाव सोडून निघून गेली म्हणून वाचली. बाईने विचारलं, "ह्या नव्या पुस्तकात भुताळीचं काय लिहिलंय?"

खरं उत्तर एवढंच आहे की काहीच लिहिलेलं नाही. नव्या संहितेत तो शब्दच नाही. पण असं उत्तर देऊन बैठकीहून परतणं मला जमलं नाही, म्हणून हा लेख. खुनाच्या कायद्याचा इतिहास म्हणजे शिक्षा किती वाढली आणि किती घटली याची यादी नाही. कायदा तीन प्रश्न विचारू शकतो: कोणी मारलं, कोणाला मारलं आणि का मारलं. कोणत्या काळात कोणता प्रश्न विचारला गेला आणि कोणाच्या फायद्यासाठी, हा आपल्या दृष्टीने खरा इतिहास आहे.

मनूचा हिशोब

मनुस्मृतीत पहिले दोन प्रश्न आहेत आणि ते सूट देण्यासाठी आहेत. आठव्या अध्यायात ब्राह्मणाला देहदंड नाही, त्याऐवजी मुंडण सांगितले आहे. कोणताही अपराध केला असला तरी त्याला मारू नये, फार तर त्याच्या धनासह देशाबाहेर घालवावे, असे तिथे म्हटले आहे. अकराव्या अध्यायात मेलेल्या माणसाचा भाव ठरवला आहे. ब्राह्मणाच्या हत्येला जे प्रायश्चित्त, त्याचा चौथा हिस्सा क्षत्रियाच्या हत्येला, आठवा वैश्याच्या आणि सोळावा शूद्राच्या. मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा मारला तर शूद्रहत्येचे प्रायश्चित्त करावे, असेही आहे. शूद्राची ही किंमत असेल, तर वर्णाबाहेर ढकललेल्या अस्पृश्याची आणि जंगलात राहणाऱ्या आदिवासीची काय असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी हा ग्रंथ जाळला, तेव्हा हा हिशोबही त्या आगीत होता.

"हे सगळं पुस्तकातलं, प्रत्यक्षात असं नव्हतं," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. ब्राह्मण गुन्हेगाराला उघडपणे देहदंड दिला जात नसे, त्याला किल्ल्यावर कैदेत टाकत, ही गोष्ट त्यात नोंदलेली आहे. बनारस प्रांतात तर कंपनी सरकारनेसुद्धा ब्राह्मणांना फाशीतून सूट दिली होती. ती १८१७ मध्ये काढली.

बायकांच्या बाबतीत हिशोब वेगळ्या मार्गाने तोच होता. विधवेला चितेवर चढवणे हा खून मानला जात नव्हता. मुंबई इलाख्यासाठी १८२७ साली जो फौजदारी कायदा झाला, त्यात सतीच्या विधीला मदत करणाऱ्यांना शिक्षेतून वगळले होते. बंगालमध्ये १८२९ साली सतीबंदी झाली आणि १८३० मध्ये मुंबई इलाख्यातली ही सवलत रद्द झाली. काल ज्याला धर्म म्हणत होते, त्याला आज कायदा मनुष्यवध म्हणू लागला. सती ही जात टिकवण्याची एक रीत होती, हे बाबासाहेबांनी १९१६ सालच्या जातीवरील निबंधात दाखवले आहे. हे लक्षात ठेवा, कारण भुताळीचा प्रश्नही याच जातीचा आहे. गाव ज्याला रीत म्हणतं, त्याला खून म्हणायचं की नाही?

एकच कलम, सगळ्यांना

मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा केला. तो तेवीस वर्षे पडून राहिला. १८५७ नंतर, १८६० मध्ये संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. कलम ३०० मध्ये खुनाची व्याख्या आली आणि ३०२ मध्ये शिक्षा आली: फाशी किंवा जन्मठेप. या कलमांत ब्राह्मण नाही, शूद्र नाही. मारणारा कोण आणि मेलेला कोण, हे दोन्ही प्रश्न कायद्याने विचारणे सोडून दिले. आपल्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

पण इंग्रजांची आरती ओवाळण्याचंही कारण नाही. गोऱ्या आरोपीवर खटला कोणी चालवायचा, याचे नियम वेगळेच राहिले. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलाने ते थोडे बदलायचे म्हटले, तर गोऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं. आणि १८७१ मध्ये याच सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा आणून जन्मालाच गुन्हा ठरवलं.

आमच्या भागात तर एकच कलम सगळ्यांना हेही खरं नव्हतं. मोखाडा हा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याखालचा पेटा होता. शेजारचं जव्हार हे मुकणे घराण्याचं महादेव कोळी संस्थान होतं. मोखाड्यात १८६२ पासून इंग्रजांची संहिता होती. जव्हारमध्ये दरबार होता आणि त्याच्यावर पोलिटिकल एजंट म्हणून ठाण्याच्या कलेक्टरची नजर होती. माणसं तीच होती: वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. सोयरिकीही इकडच्या तिकडे होत होत्या. पण शीव ओलांडली की राज्य बदलत होतं. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाचं चौदावं कलम दोघांनाही लागू झालं. कायद्यापुढे समान असण्याचा हक्क जव्हार-मोखाड्याच्या माणसाला एकत्र मिळाला तो संविधानाने.

तरी एक उणीव राहिली. १८६२ च्या कलमाने तिसरा प्रश्नही विचारला नाही. खटल्यात हेतू तपासला जाई, पण या माणसाला जातीमुळे मारलं, किंवा बाई भुताळी म्हणून मारलं, हे कायद्याच्या लेखी वेगळं नव्हतं. बांधावरून झालेली मारामारी आणि अख्ख्या वस्तीला धडा शिकवण्यासाठी केलेला खून एकाच कलमात बसत होते. समान कायदा असमान समाजात उतरला की असं होतं.

"का मारलं?" हा प्रश्न

हा तिसरा प्रश्न कायद्यात आणला तो आपल्या चळवळीने. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा म्हणजेच अॅट्रॉसिटी कायदा. त्याच्या कलम ३(२)(५) ने सांगितलं की दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध ती त्या जातीची आहे या कारणावरून केला, तर जन्मठेप. मनूने जात विचारली ती मारणाऱ्याला वाचवण्यासाठी. अॅट्रॉसिटी कायदा जात विचारतो तो मरणाऱ्याच्या बाजूने. दोन्हीकडे जात आली म्हणून "दोन्ही सारखेच" असं म्हणणाऱ्यांनी एवढा फरक समजून घ्यावा.

पण "या कारणावरून" या दोन शब्दांत कायदा अडकला. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. पण अॅट्रॉसिटी लावली नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. खून सिद्ध झाला, जात सिद्ध झाली नाही! पुढे २०१५ च्या दुरुस्तीने शब्द बदलले. पीडित व्यक्ती त्या जातीची आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढं पुरेसं झालं. खैरलांजीची ही किंमत मोजून मिळालेली दुरुस्ती आहे.

त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आली. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर चेटूक केल्याचा किंवा चेटकीण असल्याचा आरोप करून शारीरिक इजा किंवा मानसिक छळ करणं हा गुन्हा ठरला. वाचून बरं वाटतं. पण अॅट्रॉसिटी कायदा लागतो तो आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तेव्हा. आमच्या पाड्यांवर भुताळी ठरवली जाणारी बाई आदिवासी, भगत आदिवासी, काठी उचलणारा पुतण्याही आदिवासी. तिथे हे कलम दारातच थांबतं.

भुताळी कशी तयार होते

भुताळी आपोआप होत नाही, ती ठरवली जाते. एखाद्या घरात पोर तापाने जातं. दवाखाना लांब, पावसात रस्ता बंद. मग भगताला बोलावतात. कोणी केलं, हे तो सांगतो. बहुतेक वेळा नाव निघतं ते एकट्या बाईचं: विधवा, मूल नसलेली, तोंडाची फटकळ, किंवा जिच्या नावावर दीड-दोन एकर जमीन आहे आणि दिरांचा डोळा आहे अशी. मग तिच्याशी बोलणं बंद होतं, लग्नकार्याला बोलावणं बंद होतं. खून झालाच तर तो या साखळीतली शेवटची कडी असतो.

१९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं मेली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला हा भाग कळला. पोर का मेलं, या प्रश्नाला सरकारी कागद आजाराचं नाव देतो, भगत भुताळीचं नाव देतो. भुकेचं नाव कोणीच घेत नाही. म्हणून भुताळीच्या खुनाला नुसतं "आदिवासींचं अज्ञान" म्हणणं मला मान्य नाही. दवाखान्याची रिकामी खुर्चीही त्या खुनाची साक्षीदार असते.

हे लिहिताना मी आदिवासींकडे बोट दाखवत नाही. सगळे भगत असे नसतात, झाडपाल्याचं ज्ञान असलेले कितीतरी आहेत. आणि १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या वस्त्यांमध्ये अजून कोणाच्या अंगात येतं, कोण लिंबू उतरवतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आधी घर झाडावं.

महाराष्ट्राकडे यावर स्वतःचा कायदा आहे. फौजदारी कायदा हा समवर्ती सूचीतला विषय, त्यामुळे राज्यही कायदा करू शकतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी दीड दशकाहून अधिक काळ विधानभवनाचे उंबरे झिजवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. एका खुनाने दुसरे खून रोखणारा कायदा आला, ही आपल्या राज्याची लाज आहे. या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलं आहे: अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते, रोगराई पसरवते असं सांगून तिचं जगणं कठीण करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. आणि आरोपी कोणत्या जाती-जमातीचा, हा प्रश्न इथे नाही.

याच्या जोडीला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो २०१६ मध्ये मंजूर होऊन २०१७ मध्ये लागू झाला. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्याचा आधार घेऊन बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी केली होती. त्याच्या आधी स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून त्यांनी मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्य आणि आदिवासी या दोघांच्याही स्थितीची चौकशी केली होती. बहिष्कार हा हत्येच्या आधीचा टप्पा आहे. हे ओळखायला महाराष्ट्राला पंच्याऐंशी वर्षे लागली.

पाच डोकी मोजणारं कलम

आता नव्या संहितेकडे येऊ. कलम १०३ चं दुसरं पोटकलम झुंडबळीसाठी आहे म्हणून त्याचा बराच गाजावाजा झाला. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तशाच इतर कारणावरून खून केला, तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. "का मारलं" हा प्रश्न खुनाच्या मुख्य कलमात आला, याचं स्वागत आहे. पण पुढे वाचा.

पहिलं, शिक्षा साध्या खुनाला आहे तीच आहे. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या मसुद्यात तर किमान सात वर्षांची पळवाट होती, ती डिसेंबरमध्ये काढली. दुसरं, पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदेशीर जमावाने केलेल्या गुन्ह्याला प्रत्येक जण जबाबदार, हे जुन्या १४९ मध्ये होतंच आणि आता १९० मध्ये आहे. तिसरं, कारणांच्या यादीत धर्म हा शब्द नाही. चौथं, अफवा नाही.

अफवेचं महत्त्व या भागाला सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केलं. ते मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी होते. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी निर्देश दिले आणि संसदेने स्वतंत्र कायदा करावा अशी शिफारस केली. तरी १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, आमच्या शेजारच्या डहाणू तालुक्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेत मारले गेले. त्या घटनेला धर्माचा रंग देण्याची घाई सगळ्यांना झाली. मारणारे हात आदिवासींचे होते, राईनपाड्यातही तसंच होतं; आणि मेलेले एकदा भटके होते, एकदा साधू. आपण दोन्हींचा निषेध सारख्याच शब्दांत केला पाहिजे, नाहीतर आपणही मनूचाच तराजू वापरतो. राईनपाड्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, १ जुलैलाच नवी संहिता लागू झाली. पण परक्या माणसाला चोर समजून ठेचलं, तर ते यादीतल्या कोणत्या कारणात बसवायचं, यावर न्यायालयात वकील वाद घालत बसतील.

आणि भुताळी? तिला मारायला पाच जण लागत नाहीत. रात्री घरातलेच दोघे-तिघे पुरतात. पाचव्या डोक्याअभावी हे पोटकलम लागत नाही. पाच असतीलच, तर पोलिसांनी "लिंग" हे कारण लावून पाहावं, असं माझं म्हणणं आहे. भुताळी ठरते ती बाई आहे म्हणूनच. बिहार, झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, राजस्थान, आसाम या राज्यांनी डायन-टोनही प्रथेवर स्वतंत्र कायदे केले. देशभरासाठी नवी संहिता लिहिणाऱ्यांना एवढ्या राज्यांचा अनुभव दिसला नाही?

फाशी नको, खात्री हवी

प्रत्येक खुनानंतर आपणही मोर्चात "फाशी द्या" म्हणतो. रागाने म्हणतो, मीही म्हटलं आहे. पण ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या अपिलांवर चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी सांगितलं होतं की त्यांचा कल फाशीची शिक्षाच रद्द करण्याकडे आहे. बुद्धाच्या वाटेने निघालेल्या माणसाने दुसरं काय सांगायचं? आणि व्यवहार पाहिला तरी तेच दिसतं. २०१४ मध्ये खर्ड्यात नितीन आगे या शाळकरी मुलाला मारलं. २०१७ मध्ये साक्षीदार फितूर होऊन सगळे आरोपी सुटले. पुस्तकात फाशी होती. उपयोग काय झाला? गुन्हेगाराला भीती कठोर शिक्षेची कमी वाटते, पकडलं जाण्याची जास्त वाटते. आपल्याकडे ती भीतीच नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. बाईला भुताळी म्हटलं की त्याच दिवशी जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा नोंदवा. "घरचं भांडण आहे, मिटवून घ्या" असं सांगून परत पाठवू नका. त्या कायद्यात दक्षता अधिकारी आहे, त्याचं नाव आणि नंबर प्रत्येक पाड्याच्या शाळेवर आणि अंगणवाडीवर लिहा. साक्षीदाराला संरक्षण द्या. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत, पेसाची ग्रामसभा इथे आहे. त्या ग्रामसभेने ठराव करावा की आमच्या गावात कोणालाही भुताळी ठरवलं जाणार नाही. रूढी जपण्याचा हक्क ग्रामसभेला आहे, पण जीव घेणाऱ्या रूढीला संविधानात जागा नाही. आणि दवाखान्यात डॉक्टर बसवा, म्हणजे पोर का मेलं हे भगताला विचारावं लागणार नाही.

त्या बाईला मी पुढच्या फेरीत भेटले. सांगितलं, नव्या पुस्तकात भुताळी नाही, पण आपल्या राज्याच्या दुसऱ्या एका पुस्तकात आहे, आणि ते खून व्हायच्या आधी उघडायचं असतं. तिने विचारलं, "मग मावशीच्या वेळी कोणी का नाय उघडलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते पोलीस ठाण्याकडे, तहसील कचेरीकडे आणि आपल्या सगळ्यांकडे आहे.

जय भीम! जय जोहार!